शोकेसमधले गेम्स

'आम्हाला छोटे गेम्सही हवेत' असं मोठ्या गेम कंपन्या अधूनमधून म्हणतात. हवेत म्हणजे काय, ते टोकियोच्या टँगो गेमवर्क्सला विचारा.

त्यांचा 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये आला, जाहीर झाला त्याच दिवशी. गाण्याच्या ठेक्यावर मारामारी! लोकांनी डोक्यावर घेतला, २०२४ मध्ये ॲनिमेशनचा बाफ्टा मिळाला. आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्सचे मॅट बूटी कर्मचाऱ्यांना म्हणाले, मान आणि बक्षिसं मिळवून देणारे छोटे गेम्स आपल्याला हवेत. अहो, मग काल कुलूप कशाला लावलंत?!

मोठा गेम म्हणजे खात्रीचा पैसा, असंही नाही. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' वर्षानुवर्षं खपून केलेला. ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद, लोकांना पैसे परत.

याच मायक्रोसॉफ्टच्या ऑब्सिडियनमध्ये जेमतेम डझनभर माणसांनी 'पेंटिमेंट' केला (२०२२). सोळाव्या शतकातला मठ, खून, हस्तलिखितं. असला विषय मोठ्या बजेटला झेपलाच नसता. इतक्या कमी माणसांचा पगार निघायला लाखो प्रती खपाव्या लागत नाहीत, एवढं साधं गणित आहे. पण मोजताना फूटपट्टी मोठ्या गेमची लावतात, आणि मग म्हणतात, खप कमी!

छोटा गेम त्याच्या स्वतःच्या खर्चाशी मोजा. आणि तो चालला तर त्याच टीमला पुढचा करू द्या. टँगोला ती संधी ऑगस्ट २०२४ मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने दिली.