पोटासाठी वाजवले, पण हुनर राखले

सतारीचा विषय निघाला की पंडित रविशंकर आणि उस्ताद विलायत खाँ ही दोन नावे चटकन ओठांवर येतात. जाणकार त्यांच्या जोडीला तिसरे नाव घेतात, ते उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांचे. आपल्या भिवंडीशेजारच्या मुंबईत त्यांची जवळजवळ सारी हयात गेली. तरी आपल्या घरांतल्या मुलांना हे नाव फारसे ठाऊक नाही. म्हणून या महिन्यात त्यांच्याविषयी.

1927 साली मध्य भारतातल्या जावरा येथे त्यांचा जन्म झाला. घराणे इंदूरच्या बीनकारांचे. वडील उस्ताद जाफर खाँ स्वतः सतारिये. कुटुंब लवकरच मुंबईत आले आणि पहिले धडे अब्बांकडूनच मिळाले. पुढे अब्बांचा इंतकाल झाला आणि घराचा भार या तरुण मुलावर आला. आता रियाज करायचा की चूल पेटवायची?

खाँसाहेबांनी सिनेमाची वाट धरली. त्या काळी शास्त्रीय संगीताच्या बैठकीत सिनेमाकडे जरा कमीपणानेच पाहिले जाई. पण त्यांनी तिथेही काम उरकून टाकले नाही. ‘गूंज उठी शहनाई’मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईला साथ देणारी सतार त्यांचीच. 1960 च्या ‘कोहिनूर’मधले नौशादसाहेबांचे हमीर रागातले गाणे आजही घरोघरी ऐकले जाते, त्यातली सतारही त्यांचीच. पडद्यावर बोटे खरी वाटावीत म्हणून दिलीपकुमार त्यांच्याकडे सतार शिकले.

सिनेमाने घर चालवले, नाव झाले ते मात्र रियाजामुळे. त्यांनी स्वतःची वादनशैली घडवली. तिला ‘जाफरखानी बाज’ म्हणतात. सतारीत उजवा हात तार छेडतो आणि डावा पडद्यांवर फिरतो. खाँसाहेबांनी डाव्या हातालाही बोलते केले. साच्यावर बसणाऱ्या आपल्या भावांना हे वेगळे सांगायला नको : दोन्ही हातांचा मेळ बसला तरच कापड नीट उतरते.

किरवाणी, लतांगी असे दक्षिणेकडचे राग त्यांनी सतारीवर आणले. 1958 मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले असता त्यांच्यासोबत आणि 1963 मध्ये इंग्लंडचे नामवंत शास्त्रीय गिटारवादक ज्युलियन ब्रीम यांच्यासोबत त्यांनी वादन केले. गिटार आणि सतार एका बैठकीत आली, पण कोणी आपली बोली सोडली नाही. 1970 मध्ये पद्मश्री, 2006 मध्ये पद्मभूषण मिळाले. 4 जानेवारी 2017 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

संगीताविषयी आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत. कोणी वाद्य घ्यावे असा आमचा आग्रह नाही. आम्हाला बोलायचे आहे ते हुनराविषयी. घरातला कर्ता गेला किंवा धंदा बसला की आपण मुलाला म्हणतो, “आता हे नाद पुरे, कामाला लाग.” कामाला लागणे भागच असते. पण खुशखत असो, शिवण असो, चित्रकला असो की मोबाइलवर बघून शिकलेले गिटार असो, दिवसाचा एक तास त्याच्यासाठी घराने राखून ठेवावा. जमल्यास चांगला उस्ताद शोधून द्यावा. पोटाचे काम आणि मनाचे काम एकाच हातांनी होऊ शकते, हे खाँसाहेबांनी जगून दाखवले आहे.