वाचनाने झिजणारी संहिता

जीर्ण पोथी उलगडताना तिची कड तुटते. म्हणून पाठचिकित्सक पाठाबरोबर पोथीची अवस्थाही नोंदवितो. क्ष-किरण स्फटिकविज्ञानात ही आपत्ती अधिक मूलगामी आहे. प्रथिनाची रचना ज्या किरणांनी वाचावयाची, तेच किरण ती मोडीत असतात. ब्लेक व फिलिप्स यांनी १९६२ मध्येच ही हानी अभ्यासिली होती. पुढे स्फटिक सुमारे १०० केल्विन तापमानास गोठविण्याची रीत रूढ झाली. तीमुळे हानी मंदावली, थांबली नाही.

एक किलोग्रॅम द्रव्याने एक जूल ऊर्जा शोषली, तर ती एक ग्रे मात्रा होय. ओवेन, रुडिन्यो-पिन्येरा व गार्मन यांनी २००६ मध्ये गोठविलेल्या प्रथिन-स्फटिकांसाठी ३ कोटी ग्रे ही मर्यादा सुचविली. परंतु या आकड्यास अभयपत्र मानणे चुकीचे ठरेल. विवर्तनाची एकूण तीव्रता फारशी ढळण्यापूर्वीच गंधकाचे दुवे तुटतात आणि धातूंची अवस्था पालटते. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करणाऱ्या मँगॅनीज-समूहाचे उदाहरण बोलके आहे. रचनानिश्चितीच्या परिस्थितीत तो समूह क्ष-किरणांनीच विस्कटतो, असे यानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी, हानी पसरण्याआधीच नोंद घेणाऱ्या अतिलघु क्ष-किरण स्पंदांनी हीच रचना पाहिली. तेव्हा मँगॅनीज अणूंमधील अंतरे २०११ च्या रचनेपेक्षा ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी आढळली. अभिक्रिया कशी घडते याचा निर्णय एवढ्याशा अंतरावरच अवलंबून असतो.

म्हणून मात्रेचे नियोजन हा केवळ तंत्रज्ञाचा प्रश्न नव्हे. तो प्रामाण्याचा प्रश्न आहे. शलाकेची प्रखरता व स्फटिकाचा आकार यांवरून मात्रेचा हिशेब आधीच मांडावा. प्रथम अल्प मात्रेत संपूर्ण सामग्री मिळवावी; गरज पडल्यास भार अनेक स्फटिकांवर विभागावा. मुख्य म्हणजे, प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक रचनेसोबत तिच्यावर खर्ची पडलेली मात्रा नोंदविलेली असावी.

असा हिशेब स्थूल असतो, हा आक्षेप खरा आहे. शलाका सर्वत्र सारखी नसते आणि स्फटिक तीत फिरत असतो. तथापि स्थूल नोंद तपासता येते, मौन तपासता येत नाही. पोथीचा कोणता भाग मूळचा आणि कोणता हाताळणीने झिजलेला, हे ज्या आवृत्तीवरून कळत नाही तिला चिकित्सक म्हणता येत नाही. विज्ञानातील संहितेसही हाच निकष लागू व्हावा.