रिपोर्ट नॉर्मल, तरीही वेदना खरी

“रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता ते डोक्यातून काढून टाका.” दवाखान्यातून हे ऐकून परतणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. या सल्ल्यामागचं गृहीतक असं, की वेदना ही इजेची वर्दी. इजाच सापडली नाही तर वर्दी खोटी. मला हे साफ अमान्य आहे.

हाड मोडलं, भाजलं, दाढ ठणकली, तर हे गृहीतक चालतं. इजा झालेल्या जागेवरून ए-डेल्टा तंतू पहिली झणझणीत कळ नेतात, सी तंतू मागाहून रेंगाळणारा ठणका. पण नागीण सुकून गेल्यावरही महिनोन्महिने त्या पट्ट्यात आग होते, अंगावरचा सदराही सोसत नाही, त्याचं काय? तिथे इजा खुद्द मज्जातंतूला झालेली असते आणि तो चेतवणीशिवायच संदेश सोडत राहतो. मधुमेह्याच्या तळपायांची रात्रीची भगभग याच जातीची. नेहमीच्या पेनकिलरचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. प्रीगाबालिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं लागतात. प्रकार ओळखला नाही, तर आधीच जपायला हवीत अशा मूत्रपिंडांवर पेनकिलरच्या गोळ्यांचा मारा होतो. म्हणून हा वाद मला पुस्तकी वाटत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत उपेक्षित. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होऊ शकतो. फायब्रोमायल्जियात ऊती शाबूत, मज्जातंतूंच्या इजेचाही स्पष्ट पुरावा नाही, तरी सारं अंग दुखतं, कारण वेदना हाताळणारी यंत्रणाच बदललेली असते. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये या प्रकाराला स्वतंत्र नाव दिलं.

“पण काळजीनं दुखणं वाढतंच ना?” वाढतं. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग वेदना दाबतात किंवा वाढवतात, आणि झोप, भीती, चिंता यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. ही शरीराचीच यंत्रणा आहे. तिच्या आधारे रुग्णाला खोटं कसं ठरवता येईल?

शिवाय स्कॅन उलट्या बाजूनेही फसवतो. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ न दुखणाऱ्या विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या वयात 96 टक्के. झीज दिसूनही वेदना नसते, तर झीज न दिसता वेदना असण्यात अशक्य काय?

आग होते की ठणका लागतो, स्पर्श सोसतो का, झोप कशी आहे, हे विचारायला आणि कापसाचा बोळा, टाचणी, ट्यूनिंग फोर्क घेऊन तपासायला दहा मिनिटं लागतात. ती रुग्णाला मिळालीच पाहिजेत.