विशेषणाचा निवाडा

ज्याचा निर्णय होत नाही अशा माणसाला स्पॅनिशमध्ये कोणते विशेषण लावावे, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी कोशात सोडवला जातो. मराठी शब्दाला 'इन्डिसिसिव्ह', त्याला 'इन्देसिसो', की काम संपले. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या सोयीवरच आहे. या दोन उड्यांत माणसाच्या परिस्थितीचा त्याचा स्वभावदोष होतो, आणि तो कोणी केला याचा मागमूस उरत नाही.

शिरोळ तालुक्यात सहज कानी पडेल असे एक वाक्य घेऊ: 'पाणी चढाय लागलं, तरी म्हाताऱ्याचा पाय निघंना.' येथे कर्ता पाय आहे; म्हातारा षष्ठीत आहे. नकार क्रियेला आहे, माणसाला विशेषण नाही. आणि तो पाय का निघत नाही? नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा तो सोहळा असतो. भाविक त्यात स्नान करतात. तेच पाणी आणखी चढले की पूर. सोहळा कोठे संपतो आणि संकट कोठे सुरू होते, हे कोयना व राधानगरीतून किती पाणी सुटते यावरही ठरते. म्हाताऱ्याच्या हाती त्यातले काहीच नाही. दावणीची जनावरे सोडून जायचे की नाही, हे पुन्हा वेगळेच. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या माणसाचे थबकणे हे अनुभवाचे थबकणे आहे. त्याला एका शब्दात दुबळा ठरवणे हा अनुवाद नव्हे, निवाडा आहे.

स्पॅनिशकडे शब्दांची वाण नाही. 'इन्देसिसो'च्या मुळाशी कापून वेगळे करणे आहे, 'बासिलान्ते'त आपल्या 'दोलायमान'सारखे हेलकावणे, 'पेरप्लेखो'त गुंतणे. 'इर्रेसोलुतो' पुस्तकी आहे आणि त्यात निर्धाराच्या अभावाचा ठपका आहे. 'तितुबेआन्ते' अडखळत्या पावलाचा आणि जिभेचा शब्द, म्हणून येथे मोह पाडणारा. पण म्हाताऱ्याचा पाय लटपटत नाही, तो उंबऱ्याशी रुतला आहे.

खरी निवड मात्र विशेषणाच्या आधीच होते. स्पॅनिशमध्ये 'असणे' दोन आहेत: 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस इन्देसिसो' म्हटले तर तो स्वभावानेच तसा. 'एस्ता इन्देसिसो' म्हटले तर या घडीला त्याचे ठरलेले नाही. इंग्रजीच्या एकाच 'इज'मधून येणाऱ्या अनुवादकाला हा फाटा दिसतच नाही. मराठीच्या 'आहे'तही तो नाही, हे मान्य. मराठी ठपका ठेवत नाही असेही नव्हे. 'धरसोड्या' हा शब्द काही कौतुकाचा नाही. पण तो आपण योजून वापरतो. 'निघंना'च्या जागी 'धरसोड्या' घालणाऱ्या मराठी संपादकाला आपण हसू. स्पॅनिशमध्ये तेच घडले की त्याला अचूकता म्हणतो.

विद्यापीठीय समीक्षेलाही हीच खोड आहे. हॅम्लेट म्हटले की 'अनिर्णयी नायक' ही चिठ्ठी तयारच. आगरकरांनी 1883 साली त्या नाटकाचे भाषांतर केले तेव्हा त्याला 'विकारविलसित' हे नाव दिले. नायकावर विशेषण चिकटवले नाही. उनामुनोच्या 1914 मधील कादंबरीचा नायक दारात उभा राहून, पहिले जे कुत्रे जाईल त्याच्या मागे जायचे असे ठरवतो. जाते एक तरुणी, आणि तो तिच्या मागे निघतो. 'इन्देसिसो'साठी याहून सोयीचा नमुना कोणता? तरी कादंबरीचे नाव 'धुके' आहे.

स्पॅनिश वाचकाला विशेषण लागते, असा एक बचाव केला जातो. तो स्पॅनिशवरच अन्याय करणारा आहे. 'नो आकाबाबा दे देसिदिर्से', म्हणजे त्याचे ठरता ठरत नव्हते, ही तिथली रोजच्या बोलण्यातली रचना आहे. तीत विशेषण नाही, आणि म्हाताऱ्याला पाणी उतरेपर्यंत किंवा नाव येईपर्यंत उंबऱ्याशी उभे राहता येते. एका शब्दाऐवजी चार शब्द खर्च होतात, एवढीच तक्रार उरते.