आधी वाचन, मग यंत्र

गेल्या वर्षी आमच्या संगीत मंडळात एक वाद चांगलाच रंगला. समूहगीताचे स्वरलेखन संगणकावर करावे यावर सर्वांचे एकमत झाले. पण कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावर दोन तट पडले. वाद घालणाऱ्यांत मीही हिरीरीने पुढे होतो. मात्र लिहिलेले स्वर पाहून गाऊ शकेल असा आमच्यात एकही नव्हता, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. माझ्या ध्यानी आले ते घरातल्या एका जुन्या वहीमुळे.

माझे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवीत. तरुणपणी ते पलुस्कर पद्धतीने शिकविणाऱ्या गायनवर्गात जात असत. ते गेल्यावर त्यांच्या चालींची वही माझ्याकडे आली. मी मोठ्या उत्साहाने त्यातली एक चाल संगणकात भरली आणि वाजवून पाहिली. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "अरे, तात्या असे किंचाळत नव्हते रे! आणि ही चालही त्यांची नव्हे."

दोष यंत्राचा नव्हता. भातखंडे लिपीत स्वरावर टिंब असले की तो तारसप्तकाचा. पलुस्कर लिपीत मात्र तेच टिंब मंद्रसप्तकाचे! पाय मोडलेला 'ग' मी अर्ध्या मात्रेचा मानला. तो खरा कोमल गंधार होता. यंत्राने माझे अज्ञान तेवढे इमानाने वाजवून दाखविले.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्यांतल्या शेकडो चिजा मिळवून क्रमिक पुस्तकांतून छापल्या. दोघांनी दोन स्वरलिपी घडविल्या, पण तळमळ एकच होती : गाणे गायकाबरोबर जाऊ नये. त्या लिपी वाचताच येत नसतील, तर त्यांचे कष्ट आपल्यापुरते वायाच गेले म्हणायचे.

कोणी म्हणेल, आपली विद्या गुरुमुखातून घ्यायची, कागदावरून नव्हे. खरे आहे. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव कागदावर पुरता उतरत नाही. पण गुरूच उरला नाही तर? ध्वनिमुद्रण करावे म्हणाल, तर आजोबांचे ते कोणी केलेच नव्हते. उरली ती वहीच.

यंत्राशी माझे वैर नाही. म्यूझस्कोअर विनामूल्य मिळते आणि विद्यार्थ्याला पुरून उरते. पण ते मुळात पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीसाठी आहे. आपला षड्ज कोणत्या पट्टीवर धरायचा, ते आधी आपणच ठरवावे लागते. भातखंडे लिपीतली कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ वेदपाठातल्या स्वरचिन्हांसारखी असते. ती चिन्हे युनिकोडमध्ये असल्याने साध्या देवनागरी टंकलेखनातही बरेच काम भागते. आणखी एक गोष्ट. फिनाले हे १९८८ पासूनचे नामांकित सॉफ्टवेअर; त्याचा पुढील विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबविण्यात आला. म्हणून जे लिहाल ते म्युझिकएक्सएमएलसारख्या, इतर सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि एक प्रत कागदावर छापून घ्या. आजोबांची वही पत्र्याच्या पेटीत टिकली, हे विसरू नका.

मी ग्रंथालयातून स्वरलिपीचे पुस्तक आणले आणि हाताने ताल धरून रोज एक ओळ वाचू लागलो. तीन महिन्यांनी वहीतली ती चाल पेटीवर, यंत्राविना, सावकाश वाचली. आत्या या खेपेस काही बोलली नाही. दुसरे कडवे तिने स्वतःच उचलले.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. सॉफ्टवेअरचा निर्णय सहा महिने लांबला तरी चालेल. आठवड्यातून एक तास स्वरवाचनाला द्यावा. कोकमठाण, संवत्सर, कोळपेवाडी ही गावे काही आपल्यापासून दूर नाहीत. गोदाकाठच्या भजनी मंडळांतली वडीलधारी माणसे आज गात आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसून चाली लिहून घ्याव्यात. यंत्र उद्याही मिळेल. ती माणसे मिळतीलच असे नाही.