जयंतीच्या लेझीम पथकात आमची अपंग लेकरं कुठे आहेत?

14 एप्रिल जवळ आला की दौलताबाद परिसरातल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी लेझमीचा आवाज घुमू लागतो. गेल्या वर्षी अशाच एका सरावाला आम्ही गेलो होतो. मुलं-मुली रांगेत उभी होती. विहाराच्या पायरीपाशी चाकाच्या खुर्चीत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. मिरवणुकीत तिचं काय काम, असं विचारलं तर एक कार्यकर्ता प्रेमानंच म्हणाला, "ताई, तिला सजवून ट्रॅक्टरवर बसवणार आहोत." मुलगी मान खाली घालून म्हणाली, "मला बसायचं नाही. मी रोजच बसते."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. जीएनएम करून आम्ही बरीच वर्षं वॉर्डात काढली. पोलिओ झालेली, सेरेब्रल पाल्सी असलेली लेकरं पाहिली, अपघातात पाय गेलेले रुग्ण सांभाळले. त्यांच्या आयांना आम्हीच सांगत आलो, "जपा, पडू देऊ नका." व्यायाम शिकवले, पण 'नाचू द्या' असं आमच्या तोंडून कधी निघालं नाही. ही चूक आमची आहे, म्हणून आधी ती कबूल करतो.

बसून राहिलेल्या शरीराचे सांधे आखडतात, स्नायू अशक्त होतात, बसण्याच्या जागी जखमा होतात, मन खचतं. तालावर हात वर नेणं, कंबरेतून वळणं, छाती भरून श्वास घेणं हा व्यायामच आहे. फरक एवढाच, की घरी एकट्यानं केलेला व्यायाम आठ दिवसांत सुटतो. दहा जणांबरोबर धरलेला ताल सुटत नाही. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले, त्यामागे हाच विचार आहे.

अपंग आणि धडधाकट कलावंतांनी एकत्र नाचणं ही कल्पना काही नवी नाही. ब्रिटनमध्ये सेलेस्ट डँडेकर या नर्तिकेला 1973 मध्ये रंगमंचावर पडून मणक्याला इजा झाली. 1991 मध्ये त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासोबत 'कँडोको' ही नृत्यसंस्था काढली. तिथं खुर्चीवरचे आणि पायांवरचे नर्तक बरोबरीनं नाचतात. आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनातलं 'स्वरानंदवन' गावोगावी पोचलं आहे. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि कुष्ठरोगातून बरे झालेले कलावंत त्यात आपली कला सादर करतात. मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय 1981 च्या अपघातानंतर कापावा लागला; 1984 मध्ये जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम नाचल्या. पण एकीच्या जिद्दीला टाळ्या वाजवून समाजाचं काम संपत नाही. पथकात तिला जागा असणं महत्त्वाचं.

दौलताबादच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 1934 मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह इथला किल्ला पाहायला आले. दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी आत जाऊ दिलं ते एका अटीवर, की आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. आत या, बघा, पण हात लावू नका! जातीचं दुःख आणि अपंगत्वाचं दुःख एकच आहे असं आम्ही म्हणत नाही. पण मिरवणुकीत ये, बघ, पण नाचू नकोस, असं आपण आपल्याच लेकीला सांगतो तेव्हा ती अट आठवायला हवी. अपंगांचा वेगळा कार्यक्रम घेऊ, असंही काही जण सुचवतात. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे. गोड नावाचा अनुभव आपल्याला जुना आहे. 'हरिजन' हे नाव आपण नाकारलं. नावापेक्षा हक्क मोठा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनात बरोबरीनं भाग घेण्याचा हक्क आहे, आणि त्यात नृत्याचा उल्लेख आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा.

लोक म्हणतील, गर्दीत लेकरू पडलं तर? काळजी बरोबर आहे, तिला उपाय आहेत. सराव महिनाभर आधी सुरू करा. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. आखडलेला हातपाय जोरानं ओढू नका. खुर्चीचे ब्रेक तपासा. दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून बसण्याची जागा मोकळी करा, घरी गेल्यावर त्वचा लाल झाली आहे का ते बघा. कर्णबधिर मुलांना ढोलाजवळ उभं करा, कंप अंगाला कळतो. समोरच्यानं हातानं ताल दाखवावा. फिट येणाऱ्या मुलांना लखलखत्या दिव्यांपासून लांब ठेवा. डीजेचा आवाज कमी ठेवा, तो सगळ्यांच्याच कानांना घातक आहे. पथकाचा वेग खुर्चीच्या वेगाशी जुळवा. आणि विहाराला उतार बांधा. पायरी एक फूट उंच असेल तर उतार किमान बारा फूट लांब हवा, नाहीतर खुर्ची चढत नाही.

त्या मुलीला गेल्या वर्षी ट्रॅक्टरवरच बसावं लागलं. आम्ही उशिरा बोललो. यंदा तिच्या हातात लेझीम द्यायची आहे, आणि तिच्या शेजारी तिच्याच वर्गातल्या मुली असतील. तुमच्या वस्तीतही अशी एक मुलगी किंवा मुलगा असेल. सरावाच्या पहिल्या दिवशी त्यांच्या घरी जा. 'तुला काय जमतं' हे नंतर बघू. आधी 'तुला नाचायचंय का' एवढंच विचारा.

जय भीम!