बंदूक जमा, दगड मोकळा

आचारसंहिता लागली की आमच्या मिरज तालुक्यात दोन कामं लगोलग सुरू होतात. एक, चौकाचौकातले फ्लेक्स उतरवणं. दुसरं, परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करून घेणं. फ्लेक्स निकालाच्या दिवशी दुप्पट साइझमध्ये परत लागतात. बंदूक परत आणायला मात्र पावती घेऊन ठाण्यात जावं लागतं. २०२४ साली हे दोनदा झालं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला, म्हणजे जवळपास ऐंशी दिवस. मग दिवाळीच्या तोंडावर विधानसभा आलीच.

आता ही बंदूक असते कुणाकडे? वस्तीवर राहणारा एखादा द्राक्षबागायतदार, एखादा सराफ, निवृत्त फौजी. आणि फौजी म्हणाल तर सांगली-साताऱ्यात काही कमी नाहीत, साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर नावापुढे 'मिलिटरी' लावूनच ओळखलं जातं. शिराळ्याकडे उसाच्या फडात बिबट्या असतो. पाटण-जावळीकडे रानडुकरं आणि गवे एका रात्रीत पीक आडवं करतात. डुकराला मारायला वनखात्याची परवानगी लागते हे खरं, पण नुसता हवेत बार काढला तरी कळप पांगतो. अशा माणसानं परवाना घेतला म्हणजे त्यानं आपलं नाव, पत्ता, फोटो आणि हत्याराचा नंबर स्वतःहून सरकारला दिला. पोलिसांनी त्याची चौकशी केली, तो पास झाला, तेव्हा कुठे बंदूक मिळाली. थोडक्यात, अख्ख्या तालुक्यात सरकारनं तपासून 'चांगला' असा शिक्का मारलेली माणसं कोणती, तर ही. आणि निवडणूक आली की पहिला संशय कुणावर? यांच्यावरच!

ज्याच्या कमरेला गावठी कट्टा आहे तो काही जमा करायला येत नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, मग त्याला नोटीस पाठवणार कोण?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला एक ओळखीचा प्रकार आहे. जो युजर लॉगिन करून येतो त्याच्यावर दहा बंधनं घालायची, आणि जो मागच्या दारानं घुसतो त्याचा लॉगसुद्धा ठेवायचा नाही. मग रिपोर्टमध्ये लिहायचं, 'सिस्टीम सुरक्षित आहे'.

कागदावर परिस्थिती इतकी वाईट नाही, हेही सांगायला हवं. सरसकट बंदुका जमा करून घेण्याच्या प्रकारावर मुंबई उच्च न्यायालयानं बोट ठेवलं होतं. निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्येही छाननी समिती आहे. जामिनावर असलेला, गुन्ह्यांचा इतिहास असलेला, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेला, अशांची प्रकरणं तपासायची आणि त्यांची शस्त्रं जमा करायची. वा, याहून शहाणा नियम काय असणार? पण माणूस बघून ठरवायला वेळ लागतो, आणि यादी बघून फोन लावायला नाही. सरकारी यंत्रणा दोन्हीपैकी काय निवडते हे तुम्हाला मी सांगायला नको.

थोडा इतिहास. शस्त्र कायदा आपल्यावर आला १८७८ साली, व्हाइसरॉय लिटनच्या काळात. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना, गोऱ्याला सूट. गंमत म्हणजे त्याच लिटननं त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. साहेबाला नेमकं माहीत होतं, रयतेच्या हातात दोनच गोष्टी नकोत, छापखाना आणि बंदूक. वर्तमानपत्रांचा कायदा काही वर्षांतच गेला. शस्त्रांचा राहिला. सुरुवातीच्या काँग्रेसनं त्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनीसुद्धा १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला कडक शब्दांत झोडपलं. हो, गांधीजींनी! १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

मग तो राज्यघटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी सूचना मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, आणि ते राज्याच्या हिताचं नाही. फाळणीच्या रक्तपाताला जेमतेम वर्ष झालं होतं. मी स्वतःला बऱ्यापैकी सनातनी विचारांचा समजतो, तरी मला हा युक्तिवाद पटतो. हक्क मूलभूत नको, ठीक. पण १९५९ चा आपला स्वतःचा शस्त्र कायदा काय म्हणतो? कलम १३ नुसार खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, किंवा स्वसंरक्षणासाठी ठरावीक लांबीच्या नळीची साधी बंदूक मागितली, आणि अर्जदारात दोष नसेल, तर अधिकाऱ्यानं परवाना 'द्यावा'. 'मर्जी असेल तर द्यावा' असं तिथे लिहिलेलं नाही. नाकारलात तर कारण नोंदवा, आणि त्यावर अपील आहे. २०१६ च्या नियमांत पोलिसांच्या अहवालाला आणि निर्णयाला मुदतही घातलीय. म्हणजे साधा माणूस इथे हक्क मागत नाहीये, संसदेनं दिलेल्या शब्दाची आठवण करून देतोय.

इथे कुणीतरी 'म्हणजे आपलं अमेरिका करायचं का?' असं विचारणार. अजिबात नाही. दुकानात जाऊन रायफल घेऊन येणं आणि चार महिन्यांनी शाळेत गोळीबार, हे मला नको. पण अमेरिकेपर्यंत जायची गरजच काय? मिरजेहून खाली कर्नाटकात कोडगूपर्यंत जा. कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. घरोघरी बंदूक, सणाला तिची पूजा, आपण खंडेनवमीला करतो तशीच. कोडगूच्या रस्त्यांवर रोज मुडदे पडल्याचं ऐकलंय कधी? कारण तिथे बंदुकीला घराण्याची लाज बांधलेली आहे. वेडंवाकडं काही केलं तर अख्खं गाव तोंडावर थुंकेल, ही भीती कुठल्याही कलमापेक्षा मोठी.

आता थोडे आकडे. २०१६ अखेरच्या गृह मंत्रालयाच्या हिशोबात देशात सुमारे ३३.७ लाख परवाने होते. त्यातले १२.७ लाखांवर एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गोळी घालून झालेल्या खुनांची परवान्याचं हत्यार आणि बिनपरवाना हत्यार अशी वेगळी नोंद करतो. त्यात परवान्याच्या हत्याराचा वाटा दर वर्षी लहानच निघतो. तरी २०१९ च्या दुरुस्तीत काय झालं? बेकायदा हत्यारं बनवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, लग्नात हवेत गोळ्या झाडणाऱ्याला कैद, इथवर उत्तम. पण त्याच कायद्यात परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच ठेवलं होतं. आजोबांची दुनळी आठवण म्हणून भिंतीवर असेल, तीही हिशोबात धरायची. त्या तिसऱ्या बंदुकीनं नेमका कुठला गुन्हा केला होता, कुणी सांगेल का?

असो. हा झाला कायदा. आता बातमीकडे येतो, कारण माझ्या मते रोग एकच आहे. कायदा हातात सापडणाऱ्याला धरतो, आणि बातमी डोळ्याला दिसणाऱ्याला.

मिरजेचंच घ्या. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा, तिथे गाणारे अब्दुल करीम खाँ, सतारी करणारे कारागीर आणि वॉनलेस हॉस्पिटल, एवढ्यावर या गावाची ओळख होती. २००९ च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाचं चित्र असलेल्या स्वागत कमानीवरून दंगल झाली. दगडफेक झाली, संचारबंदी लागली, लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. तेव्हापासून आजतागायत चर्चा एकाच गोष्टीची: ते चित्र. लावावं का, लावू नये का, परवानगी कुणी दिली, नाकारली कुणी.

माझं मत स्पष्ट आहे. त्या चित्रात गैर काही नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं तो आमचा इतिहास आहे, आणि इतिहासाला कुणाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. खानाची कबरही त्याच गडाखाली आहे, तोही आमचाच इतिहास. पण चित्र लावायचा हक्क हा दगड मारायचा परवाना नाही. आणि चित्र आवडलं नाही, हाही दगड मारायचा परवाना नाही. दगड चित्र मारत नाही, माणूस मारतो. तो माणूस कोण होता? कुठल्याही बाजूचा असो, त्याला शिक्षा झाली का? मिरजेत दहा जणांना विचारून बघा. चित्रात काय होतं ते दहाही जण सांगतील. खटल्यांचं पुढे काय झालं, हे एक जण सांगू शकला तरी मी त्याला बसाप्पाचा पेढा देईन.

१३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचं मतदान झालं. मिरज, सांगली, इचलकरंजी, तिन्ही ठिकाणी भाजप निवडून आला. दंगलीमुळे, असं एक बाजू छातीठोकपणे सांगते. सत्ताधाऱ्यांवरच्या रागामुळे, असं दुसरी. मला त्यात पडायचं नाही. पण दंगलीचा निकाल कोर्टात लागण्याआधी मतपेटीत शोधला जातो, ही सवय कुणी लावली? चॅनेलवाल्यांनी. पेटलेली गाडी दिवसातून चाळीस वेळा दाखवली, की बघणारा पक्ष निवडतो. आरोपपत्राची बातमी एकदा तरी नीट दाखवली असती, तर त्यानं कदाचित न्याय मागितला असता.

२६/११ ला तर कहर झाला. कमांडो कुठून उतरतायत हे थेट प्रक्षेपणात दिसत होतं आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून सूचना देत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना याबद्दल फटकारलं. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद करणारा नियम आला. सात वर्षांनी! त्याच रात्री तुकाराम ओंबळे, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या जावळीचे, हातात फक्त लाठी असताना कसाबच्या एके-४७ ला भिडले आणि ती सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आजही बंदूक घेतलेल्या कसाबचा तो फोटो सगळ्यांना डोळे मिटून आठवतो. ओंबळ्यांचा चेहरा किती जणांना आठवतो?

आणि २५ फेब्रुवारी २०१६ आठवा. बेकायदा शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून संजय दत्त येरवड्यातून सुटला. शिक्षा भोगली, संपलं, माझी काही तक्रार नाही. पण कॅमेऱ्यांची ती गर्दी! जणू सीमेवरून जवान परत आला. बेकायदा रायफलीला वलय, आणि परवान्याच्या ठासणीला संशय. पोरांनी यातून काय शिकायचं?

न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली. पंतप्रधान आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव आपण उच्चारणार नाही, असं संसदेत जाहीर केलं. त्यांच्या राजकारणाशी माझं फारसं जमणार नाही, बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर त्यांनी घाईनं घातलेल्या बंदीशी तर नाहीच. पण हा एक निर्णय शंभर नंबरी. ज्याला प्रसिद्धी हवी होती त्याला ती मिळाली नाही.

मला काय हवंय ते तीन ओळीत सांगतो. एक, निवडणुकीत छाननी खरोखर माणसागणिक करा, आणि जमा करायला सांगाल त्याला कारण लेखी द्या. दोन, जेवढे पोलिस परवान्याची यादी वाचण्यात गुंततात तेवढे कट्टे विकणाऱ्यांच्या मागे लावा. तीन, ज्या वाहिनीनं दंगल दाखवली तिनं तिचा निकालही दाखवावा, मग तो दहा वर्षांनी लागो. तिसरी गोष्ट कायद्यानं करता येणार नाही, करूही नये. लिटनचा कायदा परत नको. ती बघणाऱ्यांनीच मागायला हवी.

कारण यात पणाला लागलंय ते बंदुकीपेक्षा मोठं आहे. नियम पाळणारा माणूस वर्षानुवर्षं एकच धडा शिकतोय: नाव नोंदवलं की त्रास, नाही नोंदवलं की मोकळीक. तो आज मुकाट्यानं ठाण्यात जाऊन पावती घेतो. त्याच्या मुलानं 'बाबा, परवाना कशाला काढलात?' असं विचारायच्या आत आपण शहाणे झालेलं बरं. त्या प्रश्नाला आज तरी बापाकडे उत्तर नाही.